परसातील कोंबड्या आणि भिंतीपलीकडचे शेजारी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून गेल्या पन्नास वर्षांत संतवाङ्मयावर बोलले गेले, नाट्यसंगीतावर बोलले गेले, मराठ्यांच्या नर्मदेपलीकडील स्वाऱ्यांवरही बोलले गेले. त्या थोर परंपरेत आज आम्ही कोंबड्यांवर बोलावयास उभे आहोत. कार्यवाहांनी विषय विचारला आणि आम्ही तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर थबकले आणि म्हणाले, "कोंबड्यांवर म्हणजे, साहेब, पाककृती काय?" नव्हे. पाककृतींची स्पर्धा दुपारी आहे आणि ती भगिनींच्या समर्थ हाती आहे. आम्ही बोलणार आहोत ते जिवंत कोंबड्यांविषयी; घरामागच्या चार हात जागेत सहा-आठ कोंबड्या पाळणाऱ्या माणसांविषयी; आणि ती माणसे एकमेकांना भिंतीवरून जे सल्ले देतात त्यांविषयी.

आमचा या विषयातील अधिकार तो काय? आम्ही पशुवैद्य नव्हे. इतिहास घेऊन बी. ए. झालो, केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांच्या वाऱ्यावर चार प्रांत हिंडून २०१४ साली या जबलपुरात येऊन पडलो. वसाहतीतले घर जुन्या धाटणीचे. पुढे व्हरांडा, मागे परस, आणि दोन परसांच्या मध्ये छातीइतकी भिंत. त्या भिंतीवर हात टेकून उभे राहिले की शेजाऱ्याचे अर्धे घर दिसावे आणि सगळे बोलणे ऐकू यावे, अशी तिची उंची कोणा बांधकाम अभियंत्याने ठेवली, त्यास आमचे वंदन असो. आमच्या घरात तोवर अंडेसुद्धा येत नव्हते. मुलांना डॉक्टरांनी अंडी खावयास सांगितली, अंड्यांमागोमाग कोंबड्या आल्या. मातोश्रींनी प्रथम तुळशीवृंदावनाभोवती काटेरी कुंपण घालून घेतले आणि मगच संमती दिली. पुढे त्याच मातोश्री दुपारी कण्या टाकताना प्रत्येक कोंबडीस नावाने हाक मारू लागल्या, हा भाग निराळा.

आमच्या ओळीत चौदा घरे. त्यांपैकी नऊ घरांत कोंबड्या. एक तेलुगू कुटुंब, एक मल्याळी परिचारिका, दोन बंगाली घरे, उरलेली हिंदी भाषिक, आणि मराठी आम्ही एकटे. ओळीच्या टोकाला नोकरांच्या जुन्या खोल्यांत मंडल्याकडची एक वृद्ध गोंड बाई राहते. तिला सारी वसाहत 'बडी अम्मा' म्हणते. आम्हा सर्वांच्या कोंबड्या हौसेच्या. तिच्या कोंबड्या पोटाच्या. अंडी विकून ती आपले तेलमीठ भागवी. या एका फरकाचे महत्त्व पुढे येईल.

परक्या मुलखात शेजाऱ्याशी बोलावयाचे काय, हा आपणा सर्वांचाच पहिल्या वर्षीचा प्रश्न असतो. हवा झाली, पाणी झाले, मुलांच्या शाळा झाल्या, की संभाषण आटते. कोंबड्या असल्या म्हणजे ते आटत नाही. आपण खुराडे म्हणतो, इथे दडबा म्हणतात. आपली खुडूक कोंबडी इथे 'कुडक' होते. म्हणजे शब्द एकच, नुसता गाव बदलून आलेला. आमच्या सौभाग्यवतींचे हिंदी पहिली तीन वर्षे फक्त कोंबड्यांपुरते होते, आणि तेवढ्यावर त्यांचा संसार उत्तम चालला.

आता सल्ल्यांविषयी. कोंबड्या पाळणाऱ्या माणसाइतका उदार सल्लागार आम्ही सरकारी कचेरीतही पाहिला नाही. मागितले तर एक देतो, न मागता चार देतो. त्यांतले काही सोन्याच्या मोलाचे असतात, काही निव्वळ ऐकीव. कोंबडा नसेल तर कोंबडी अंडी घालीत नाही, हे आम्हांस पहिल्याच आठवड्यात दोघांनी शपथेवर सांगितले. वस्तुतः तलंग वयात आली म्हणजे कोंबडा असो वा नसो, ती अंडे घालणारच. त्यातून पिल्लू मात्र निघावयाचे नाही. पिल्ले हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे. दोन ठेवले तर पहाटेचा गजर आणि भांडण दोन्ही दुप्पट. तसेच तपकिरी कवचाचे अंडे पांढऱ्यापेक्षा पौष्टिक, ही समजूत सुशिक्षित घरांतही घट्ट बसली आहे. कवचाचा रंग हा जातीचा गुण. आतला ऐवज कोंबडीने काय खाल्ले त्यावर ठरतो. कडकनाथ कोंबडीचे मांस, कातडी, हाडांवरचे आवरणसुद्धा काळे. पण तिचे अंडे काळे नसते, फिकट बदामी असते, हे पाहून आमच्याकडे आलेले एक पाहुणे चक्क निराश झाले. या कडकनाथाला झाबुआचे म्हणून २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून तिचा भाव व तिच्याविषयीच्या दंतकथा दोन्ही वाढत आहेत.

कोणती जात पाळावी, असे नवीन येणारा प्रत्येकजण विचारतो. देशी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देईल, क्वचित अधिक. पण ती स्वतःचे खाणे स्वतः टिपते, घार दिसली तर ओरडते, आणि पिल्ले स्वतः वाढवते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी म्हणून वनराजा आणि ग्रामप्रिया या दोन जाती तयार केल्या. वनराजा मांस आणि अंडी दोन्हीसाठी, ग्रामप्रिया मुख्यत्वे अंड्यांसाठी, आणि दोन्ही देशी कोंबडीहून पुष्कळ अधिक अंडी देतात. आपल्या या शहरातल्या पशुवैद्यकीय विद्यापीठानेही कडकनाथ आणि जबलपूर कलर यांच्या संकरातून 'नर्मदानिधि' ही जात काढली आहे, तिचा आपण रहिवासी म्हणून अभिमान धरावयास हरकत नाही. न पाळावी ती एकच, मांसासाठी पैदास केलेली ब्रॉयलर. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीपासून करोना होतो अशी अफवा उठली, मागणी कोसळली, आणि ब्रॉयलरची पिल्ले लोक मिळेल त्या भावाने, कोठे फुकटही, देऊ लागले. आमच्या ओळीत तीन घरांनी दयेपोटी ती आणली. दोन महिन्यांत ती पिल्ले स्वतःच्या वजनाने चालेनाशी झाली. सहा आठवड्यांत बाजारात जाण्यासाठी जन्मलेल्या जिवाला परसात सुखाने म्हातारे होता येत नाही.

या गावचा उन्हाळा आपणांस ठाऊकच आहे. मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत जातो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. ती चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून दूर धरते, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुपारी दोनच्या सुमारास मान टाकते. यावर आमच्या तेलुगू शेजारणीने, जिला आम्ही सारे अक्का म्हणतो, पहिल्याच वर्षी सांगितलेले आम्ही आजही पाळतो. खाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यावे, भर दुपारी देऊ नये, कारण पचनाने अंगात उष्णता वाढते. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदललेले. खुराड्याच्या पश्चिम बाजूस ओले गोणपाट. थंडीत उलट प्रश्न येतो. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात आणि लोक कोंबडीला दोष देतात. तिला अंड्यावर राहण्यास साधारण चौदा तास उजेड लागतो. डिसेंबरात तो या अक्षांशावर मिळत नाही. त्यातच पीसगळ झाली असेल तर ती नवी पिसे घडवण्यात गुंतलेली असते. अशा वेळी धीर धरावा आणि बाजारातून अंडी आणावी.

मऊ कवचाची अंडी पडू लागली तर शिंपल्यांची पूड किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले द्यावी. भाजावयाची अशासाठी, की टरफलाला अंड्याचा वास राहिला तर कोंबडीला अंडे फोडून खाण्याची चटक लागते आणि ती मग सुटत नाही. उवा-पिसवांसाठी चुलीतली राख आणि कोरडी माती यांचा एक खड्डा सावलीत करून द्यावा. ती त्यात स्वतःच लोळते. दिवाळी उरकल्यावर उरलेला चिवडा, शेव, पापड यांची परात परसात उलटी करण्याची जी आपल्या घरांत पद्धत आहे, ती मात्र सोडावी. मिठाचे प्रमाण कोंबडीला सोसत नाही. पिल्लांना तर मुळीच नाही.

खुडूक कोंबडीचा विषय आम्हांस विशेष प्रिय आहे. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देणे थांबवते, पिसे फुगवते, हात लावू देत नाही. ज्याला पिल्ले नको असतात तो तिला पाण्यात बुडवतो, कोणी नाकात पीस घालतो. हे दोन्ही प्रकार क्रूर आहेत आणि अनावश्यकही. बुडाशी वारा लागेल अशा जाळीच्या पेटीत तीन-चार दिवस दाणापाण्यासह ठेवली की तिचे खूळ आपोआप उतरते. पण आमच्या ओळीत ती वेळ सहसा येत नाही, कारण खुडूक कोंबडी ही आमच्याकडे उसनी देण्याची वस्तू आहे. कडकनाथ स्वतःच्या अंड्यांवर फारशा चिकाटीने बसत नाही, आणि परिचारिकाबाईंकडे कडकनाथ आहेत. बडी अम्माची तांबडी देशी कोंबडी मात्र एकदा बसली की एकवीस दिवस हलत नाही. तेव्हा ती तांबडी रात्रीच्या अंधारात डालग्याखाली घालून एका परसातून दुसऱ्या परसात न्यावयाची, दहा-अकरा अंड्यांवर बसवावयाची, घरट्यात ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून बडी अम्माच्या आग्रहाखातर एक लोखंडी खिळा ठेवावयाचा, सातव्या रात्री विजेरीच्या उजेडात अंडी पाहून गर्भ नसलेली काढून टाकावयाची, आणि पिल्ले निघाली की त्यांतली तिसरा हिस्सा कोंबडीच्या मालकिणीची. खिळ्याने काही होत नाही, हे आम्ही जाणतो. खिळा काढावा असे मात्र आम्हांस कधी वाटले नाही.

येथवर मी सांगितले ते सगळे गोड होते, असे आपण म्हणाल. म्हणूनच आता जे सांगावयाचे ते सांगतो.

कोंबडी एका परसातून दुसऱ्या परसात जाते, अंडी जातात, डालगे जाते, मुले जातात. आणि यांतल्या प्रत्येकाबरोबर रोगही जाऊ शकतो. मानमोडी आपण सर्वांनी ऐकली असेल. शास्त्रीय व्यवहारात हिला राणीखेत म्हणतात, कारण १९२७-२८ च्या सुमारास आपल्या देशात हिची पहिली नोंद कुमाऊँतील राणीखेत येथे झाली. हा विषाणूचा रोग आहे. कोंबडी मलूल होते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, घशात घरघर लागते, पंख लोंबतात, आणि जी त्यातूनही काही दिवस जगते तिची मान पिळल्यासारखी वळते. यावर औषध नाही. लसून, हळद, वावडिंग, कोणाच्या तरी गावचा काढा, यांतले काहीही हा रोग बरा करीत नाही. लस न टोचलेल्या कळपात तो शिरला तर जवळजवळ सारा कळप जाऊ शकतो. तो विष्ठेतून, पाण्यातून, चपलेच्या तळातून, बाजारातून आलेल्या टोपलीतून पसरतो.

२०१८ च्या फेब्रुवारीत आमच्या ओळीतल्या एका घराने आठवडी बाजारातून चार कोंबड्या आणल्या आणि त्याच संध्याकाळी घरच्या कोंबड्यांत सोडल्या. नवीन कोंबडी निदान दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी, हा सल्ला त्या घराला कोणी दिला नव्हता असे नाही. सहाव्या दिवशी दोन मेल्या. त्या रात्री गुपचूप पुरल्या गेल्या. उरलेल्यांतल्या काही दुसऱ्या दिवशी बाजारात विकल्या गेल्या, आणि एक चांगली दिसणारी कोंबडी पलीकडच्या घरी, मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून, प्रेमाने दिली गेली. ते घर कोणते, हे आम्ही येथे सांगणार नाही. त्या गृहस्थांशी आमचे आजही येणेजाणे आहे आणि ते वाईट मनुष्य नाहीत. आपल्याकडे रोग आला हे कळले तर लोक काय म्हणतील, एवढेच त्यांच्या मनात होते. तीन आठवड्यांत आमच्या ओळीतल्या साठ-पासष्ट कोंबड्यांपैकी वीससुद्धा उरल्या नाहीत. आमच्या मातोश्रींनी ज्यांना नावे दिली होती त्यांतली एक राहिली.

त्याच दिवसांत बडी अम्माकडे पहिली कोंबडी मलूल झाली. तिने ती सकाळी पाहिली आणि दुपारच्या आत ती ओळीतल्या प्रत्येक घरासमोर, फाटकाबाहेर उभी राहून सांगून आली, "मेरे यहां बीमारी आ गई है, बाबूजी. इधर कोई मत आना, बच्चों को भी मत भेजना." आम्ही तिला आत बोलावले. ती फाटकाच्या आत आली नाही. तिच्या अकराच्या अकरा कोंबड्या गेल्या. आपल्याच तोंडाने सांगितल्यामुळे पुढे तीन महिने तिच्या दारी अंड्यांना गिऱ्हाईक फिरकले नाही. आणि दुसऱ्या गावाहून आणून विकावीत अशी बुद्धीही तिने केली नाही. परंतु तिच्या बाजूच्या चार घरांनी त्याच दुपारपासून खुराडी बंद ठेवली, येणेजाणे थांबवले, चपला दाराबाहेर बदलल्या. ओळीत ज्या काही कोंबड्या वाचल्या त्या बहुतेक या चार घरांतल्या. ज्या घरांना नुकसान सोसवले असते त्यांनी झाकले, आणि जिला सोसवणार नव्हते तिने सांगितले. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. असे इतिहासात पुष्कळदा वाचले होते, पण स्वतःच्या परसातून पाहिले ते तेव्हाच.

आता आपण विचाराल, लस होती तर कोणी टोचली का नाही? याचे उत्तर मोठे विचित्र आहे. मानमोडीची लस महाग नाही. पण तिची लहानात लहान कुपी बहुधा शंभर मात्रांची मिळते. ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा पातळ केली की दोन तासांच्या आत वापरून संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. सहा कोंबड्यांचा मालक शंभर मात्रांची कुपी आणील कशाला? चौऱ्याण्णव मात्रा फेकावयाच्या या विचारानेच त्याचा हात आखडतो. दवाखान्यात गेले तर, "किती पक्षी? सहा? मग पाहू," असे उत्तर मिळते, आणि त्यात त्यांचाही सर्वस्वी दोष नसतो. मोठ्या पोल्ट्रीवाल्याला हा प्रश्न पडत नाही. हा प्रश्न फक्त परसातल्या कोंबडीचा आहे, आणि तो एकट्याने सुटणारा नाही. नऊ घरे एका दिवशी, एका वेळी तयार असतील तर कुपी पुरते, परवडते आणि वाया जात नाही.

म्हणून त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर, नवे कळप उभे राहिल्यावर, आम्ही ओळीत दोन गोष्टी सुरू केल्या. पहिली म्हणजे लशीचा रविवार. पाचव्या-सहाव्या दिवसापासूनच्या पिल्लांना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि नंतर दर तीन महिन्यांनी सगळ्यांना. आठ आठवड्यांवरच्या पक्ष्यांना जी टोचावयाची लस असते ती पशुवैद्यकीय दवाखान्यातील जाणता मनुष्य येऊन टोचतो. आजारी पक्ष्याला लस द्यावयाची नाही, तिने तो बरा होत नाही. रेल्वेतील एका शेजाऱ्यांचा मुलगा सकाळी थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो आणि आम्ही घरोघर फिरतो. पक्षी एका जागी गोळा करीत नाही, कारण एखादाही आजारी असला तर आपणच रोगाचे संमेलन भरवल्यासारखे व्हावयाचे.

दुसरी गोष्ट म्हणजे वही. केंद्र सरकारच्या मनुष्याला नोंदवहीवाचून चैन पडत नाही, असे अक्का म्हणाल्या, आणि ते खरेच आहे. वहीत कोणाकडे किती पक्षी, कोणता कोठून आणला, वेगळा किती दिवस ठेवला, लस केव्हा, आणि मेला तर कोणत्या दिवशी, एवढेच लिहावयाचे. वही भिंतीवरून एका घरातून पुढच्या घरात जाते. मेलेल्या कोंबडीची नोंद त्याच दिवशी करावयाची, मग ती मुंगसाने नेली असो की उष्म्याने गेली असो. पहिले काही महिने लोक संकोचले. पण आधी बडी अम्माने आपल्या अकरा कोंबड्या, गेलेल्याच, आमच्याकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहवून घेतल्या. त्या पानानंतर कोणाला संकोच करण्यास जागा राहिली नाही.

या वहीचा खरा कस २०२१ च्या जानेवारीत लागला. बर्ड फ्लूचे नाव आपल्या देशाने पहिल्यांदा ऐकले ते २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्याच महाराष्ट्रात, गुजरातच्या सीमेवरील नवापूरला. तेव्हा तेथील पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या परसांतले पक्षीही मारावे लागले. २००८ साली पश्चिम बंगालमध्ये तो आला तेव्हा पुष्कळ गावकऱ्यांनी भीतीने आपल्या कोंबड्या लपवल्या, आणि रोग आवरणे त्यामुळे अधिकच अवघड झाले. २०२१ च्या आरंभी इंदूर परिसरात कावळे मरून पडू लागले, आणि आमच्या ओळीत रोज सकाळी एकच चर्चा सुरू झाली. येथे हे स्पष्ट सांगावयास हवे, की बर्ड फ्लू हा मानमोडीसारखा घरगुती मामला नाही. तो क्वचित माणसालाही होतो आणि जिवावर बेततो. पक्षी अचानक, एकाच वेळी, मोठ्या संख्येने मरू लागले, किंवा आसपास कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नये, स्वतः कापून पाहू नये, पशुसंवर्धन खात्यास त्याच दिवशी कळवावे. नमुना भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत तपासला जातो. रोग ठरला तर सभोवतालच्या एक किलोमीटरच्या टापूतील पक्षी नष्ट केले जातात, हे कटू आहे. परंतु एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. सरकार भरपाई देते ती मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे जो लपवतो, तो शेजाऱ्यांना बुडवतोच, आणि भरपाईलाही मुकतो.

आमच्या ओळीत त्या जानेवारीत पाच कोंबड्या मेल्या. पाचही वहीत त्याच दिवशी आल्या, पाचांचीही कारणे दवाखान्याच्या डॉक्टरांनी पाहून घेतली, आणि बर्ड फ्लू कोणतीच नव्हती. त्या सहा आठवड्यांत ओळीत कोणी कोणाकडे संशयाने पाहिले नाही. ज्याने २०१८ साली रात्री कोंबड्या पुरल्या होत्या, त्याच घरून त्या जानेवारीतली पहिली नोंद आली. सकाळी सात वाजता, मुलाच्या हाती वही देऊन.

बाकी तक्रारी चालूच असतात, आणि त्या असाव्यात. अमुक यांच्या कोंबड्याने पहाटे साडेतीनला बांग दिली आणि रात्रपाळी करून आलेला मनुष्य झोपू शकला नाही. त्यावर उपाय असा, की त्या कोंबड्याचे खुराडे रात्री अंधारे करावे आणि रात्रपाळीवाल्याच्या खिडकीपासून दूर हलवावे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, हे आपण जाणतोच. पण निदान झाकले तर शेजारी अर्धा तास अधिक झोपतो. बंगाली घराच्या पालकाच्या वाफ्यात आमच्या दोन तलंगा शिरल्या, तेव्हा आम्ही जाळीचा खर्च निम्मा उचलला आणि पहिली पालकाची जुडी आमच्याकडे आली. खुराड्यातली विष्ठा आठवड्यातून दोनदा उचलून झाकणाच्या खड्ड्यात टाकली तर वास येत नाही. मुरलेले ते खत ज्यांच्याकडे बाग आहे त्यांना द्यावे, म्हणजे तक्रार करणाराच गिऱ्हाईक होतो. आणि जाळीचे भोक बोटाहून रुंद नसावे. मुंगूस केवढ्याशा फटीतून शिरते हे एकदा पाहिल्यावाचून पटत नाही, आणि ते पाहण्याची वेळ कोणावर न यावी.

या सभागृहात काही कुटुंबे नुकतीच बदलून आलेली आहेत, आणि त्यांतल्या दोघांनी चहाच्या वेळी आमच्याकडे तलंगा मिळतील काय अशी चौकशी केली. मिळतील. बडी अम्माकडे आता चौदा पक्षी आहेत आणि तांबडीची नात मागच्या आठवड्यात बसली आहे. नेताना मात्र वहीत नाव घालून न्यावे, आणि घरी नेल्यावर तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्या, जरी दुसऱ्या कोंबड्या नसल्या तरी, म्हणजे सवय लागते. लशीचा रविवार दर तीन महिन्यांनी, महिन्यातला दुसरा. आम्ही साडेसहाला निघतो आणि कुपी आठच्या आत संपवतो. तेव्हा त्या सकाळी कृपा करून आम्ही येईपर्यंत खुराड्याचे दार उघडू नये. एकदा कोंबड्या परसात सुटल्या, की त्यांना धरता धरता बर्फ वितळतो.